वाटेवरचा माल

पावसाळा ओसरला, की चाकण, तळवडे आणि भोसरी येथील कारखान्यांच्या बसगाड्या शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या किंवा मुळशीच्या वाटेला लागतात. एरवी गणवेशात वावरणारे अधिकारी त्या दिवशी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून दोर ओढतात, डोळे बांधून एकमेकांच्या हाताला धरून चालतात, पिंपांचा तराफा बांधून पाण्यात सोडतात. याला ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात आणि त्याचा खर्च कर्मचारी-कल्याणाच्या खाती पडतो. यांतील एक खेळ तर जगभर गाजलेला आहे. स्पगेटीच्या वीस कच्च्या काड्या, वारभर दोरा, तेवढीच चिकटपट्टी आणि १८ मिनिटे. एवढ्यात होईल तितका उंच मनोरा उभारायचा आणि त्याच्या टोकावर मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई ठेवायची. या मिठाईत सहसा जिलेटिन असते व ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. हे ठाऊक असलेला जैन तरुण मिठाईऐवजी कापसाचा बोळा मागतो आणि मग खेळातील खुबीच नाहीशी होते. कारण दिसायला हलकी असलेली ती मिठाई काड्यांना पेलत नाही, हेच तर त्यातून शिकायचे असते.

असल्या खेळांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दिवसभर एका छताखाली राहूनही परस्परांशी न बोलणारी माणसे त्या निमित्ताने हसतात, हेही थोडके नव्हे. मात्र व्यापाराच्या दृष्टीने त्यांत एक मोठी उणीव आहे. दोर ओढणाऱ्या दहाही जणांना तो दोर दिसत असतो. व्यापारात तसे नसते. तेथे दोराचे एक टोक चिंचवडच्या दुकानात असते, दुसरे कोठल्या तरी कारखान्यात, आणि मधल्या प्रत्येकाला फक्त आपल्या मुठीत आलेला वीतभर दोर दिसतो. शनिवारी तराफ्यावर एकदिलाने वल्हे मारणारी माणसे सोमवारी एकमेकांपासून साठ्याचे आकडे लपवतात, यात म्हणून नवल वाटू नये.

हा न दिसणारा दोर दाखवून देणारा एक खेळ साठ वर्षांहून अधिक काळ जगातील व्यवस्थापन-विद्यालयांत खेळला जातो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या स्लोन व्यवस्थापन-विद्यालयात १९६० च्या सुमारास तो तयार झाला. जे फॉरेस्टर या विद्युत्-अभियंत्याने तेथे उद्योगांच्या चढउतारांचा अभ्यास आरंभिला होता. त्याचेच हे अपत्य. जैन घरांत या खेळाची ओळख करून देताना प्रथम त्याच्या नावाचीच अडचण येते. त्याचे नाव ‘बिअर गेम’. त्यात बिअरची खोकी दुकानापासून कारखान्यापर्यंत मागवायची असतात, आणि मूळ प्रथेनुसार प्रत्येक खेळाडू एक डॉलर पणाला लावतो. सर्वांत कमी खर्चात खेळ पार पाडणारा गट ती रक्कम नेतो. सात व्यसनांपैकी दोन, द्यूत आणि मद्य, एकाच खेळात! तेव्हा डॉलर वगळावा आणि बिअरच्या जागी खाखऱ्याची खोकी आणावीत. गणितात त्याने काडीचाही फरक पडत नाही. खाखरा टिकतो, घरोघरी खपतो, आणि त्याची मागणी रातोरात चौपट होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी.

खेळास चार टेबले लागतात. पहिल्यावर किराणा दुकानदार, दुसऱ्यावर घाऊक व्यापारी, तिसऱ्यावर वितरक आणि चौथ्यावर कारखाना. एकेका टेबलावर दोघे बसले तरी चालते. एकाने ठरवावे, दुसऱ्याने वहीत नोंद करावी. खोक्यांऐवजी चिंचोके घेता येतात, पण ते सचित्त की अचित्त हा प्रश्न घरातील आजी काढतीलच. त्यापेक्षा शर्टाची बटणे बरी. आरंभी प्रत्येकाच्या गोदामात १२ खोकी असतात आणि दोन टेबलांमधल्या रस्त्यावर दर आठवड्याच्या अंतरावर चार-चार. प्रत्येक आठवड्यात माल आत घ्यायचा, आलेली मागणी पुरवायची, शिल्लक लिहायची आणि पुढच्या टेबलाकडे किती खोकी मागवायची तो आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी सरकवायची. चिठ्ठी पोचण्यास दोन आठवडे आणि माल येण्यास दोन, असे चार आठवडे जातात. गोदामात पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला आठ आणे खर्च; मागणी असून देता न आलेल्या प्रत्येक खोक्यामागे एक रुपया दंड. ग्राहकाची मागणी एका गठ्ठ्यात पालथ्या घातलेल्या पत्त्यांवर लिहिलेली असते व ती फक्त दुकानदार पाहतो. जिंकायचे आहे ते चौघांनी मिळून. म्हणजे चारही टेबलांचा एकत्रित खर्च कमीत कमी ठेवायचा आहे. बंधन एकच: चिठ्ठीवरील आकड्याखेरीज कोणी कोणाशी एक शब्दही बोलायचा नाही. एकत्र कुटुंबात हे बंधन पाळून घेणे हेच खेळ चालविणाऱ्याचे खरे काम.

पहिले चार आठवडे सुरळीत जातात. ग्राहक चार खोकी मागतो, दुकानदार चार मागवतो, कारखाना चार बनवतो. पाचव्या आठवड्यात पत्ता उलटतो आणि त्यावर आठ लिहिलेले असते. दुकानदार चपापतो, तरी गोदामात बारा आहेत, चिंता नाही. पुढच्या आठवड्यातही आठ. त्याच्याकडे येत आहेत चारच, कारण महिनाभरापूर्वी त्याने चारच मागवली होती. बारा अधिक चार वजा आठ, असे करीत सातव्या आठवड्याअखेर गोदाम रिकामे होते आणि आठव्यात पहिला ग्राहक विन्मुख जातो. आता दुकानदार घाबरून बारा मागवतो. माल येत नाही. तो सोळा मागवतो. त्या चिठ्ठ्या जाऊन पडतात घाऊक व्यापाऱ्यापुढे. त्याला ग्राहक दिसत नाही, दिसतात फक्त फुगत चाललेले आकडे. तो शहाणा असतो, म्हणून सोळाच्या जागी वीस मागवतो. वितरक त्याहून शहाणा. कारखान्यापर्यंत ही लाट पोचते तेव्हा तेथे तिसरी पाळी सुरू करण्याची भाषा होऊ लागते.

पुढे काही आठवड्यांनी मागवलेले सारेच एकदम येऊ लागते. दुकानदाराची तूट भरून निघते, पाठोपाठ गोदाम भरते, मग ओसंडते. तो मागणी शून्यावर आणतो. घाऊक व्यापाऱ्याच्या दारात वीस खोकी उतरत असतात आणि हातात शून्याची चिठ्ठी असते. तोही शून्य लिहितो. कारखान्याचा मालक तीस-चाळीस खोक्यांच्या ढिगापुढे हात चोळत बसतो. आठवड्यामागून आठवडे त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. किती आठवड्यांनी खेळ थांबणार हे मात्र कोणालाही आधी सांगू नये. सांगितले तर व्यापारी घरातील मुले शेवटच्या चार आठवड्यांत साठा झटकून मोकळी होतात.

खेळ थांबला, की खरी मौज सुरू होते. तासाभराचे मौन सुटते आणि आरोपांची सरबत्ती झडते. दुकानदार म्हणतो, घाऊकवाल्याने माल दाबून ठेवला. घाऊकवाला म्हणतो, याला आकडे लिहिण्याची अक्कल नाही, आज वीस आणि उद्या शून्य. कारखानदार सर्वांवर संतापलेला असतो. आणि ग्राहकही लहरी निघाला, यावर मात्र चौघांचे एकमत होते. या टप्प्यावर दुकानदाराखेरीज इतर तिघांना एक काम द्यावे: ग्राहकाने आठवड्यागणिक किती खोकी मागितली असतील, याचा आलेख अंदाजाने काढा. तिघेही डोंगर आणि दऱ्या काढतात. मग पत्त्यांचा गठ्ठा उलगडून दाखवावा. चार, चार, चार, चार आणि त्यानंतर अखेरपर्यंत आठ, आठ, आठ. ग्राहक एकदाच बदलला आणि पुढे पर्वतासारखा स्थिर राहिला. डोंगर-दऱ्या चौघांनी मिळून घडविल्या.

हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट जैन घरातील प्रत्येक मुलाने प्रवचनात ऐकलेली असते. एकाला खांब वाटतो, दुसऱ्याला सूप, तिसऱ्याला दोर. आणि प्रत्येक जण आपापल्या जागी खराच असतो. अनेकान्त समजावून सांगताना महाराजसाहेब ती सांगतात, श्रोते माना डोलावतात. या खेळाची गंमत अशी, की त्यात श्रोता स्वतःच आंधळ्याच्या जागी बसतो आणि पुराव्यादाखल त्याच्याच हस्ताक्षरातील चिठ्ठ्या समोर ठेवल्या जातात. प्रत्येकाचा निर्णय त्याला दिसत होते तेवढ्यापुरता योग्य होता. कोणी आळशी नव्हते, कोणी लबाडी केली नव्हती. तरीही चौघे मिळून बुडाले.

असा अनुभव एखाद्याच घरात येतो असे नाही. एमआयटीमधीलच जॉन स्टर्मन यांनी या खेळाच्या अनेक डावांचा अभ्यास करून १९८९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ग्राहकाची मागणी आठच्या वर कधी गेलीच नाही, पण दुकानदाराची सर्वांत मोठी मागणी सरासरी १५ खोक्यांपर्यंत आणि कारखान्याची ३२ पर्यंत चढली. नेटक्या नियमाने खेळले असते तर जो खर्च सुमारे दोनशे डॉलर आला असता, तो सरासरी दोन हजारांच्या वर गेला. दहापट! खेळणाऱ्यांत व्यवस्थापनाचे विद्यार्थी होते आणि मोठ्या कंपन्यांचे अनुभवी अधिकारीही होते. पदवीचा काही उपयोग झाल्याचे दिसत नाही.

चूक नेमकी कोठे होते, याचे स्टर्मन यांनी दिलेले उत्तर व्यापाऱ्याने मनावर कोरून ठेवण्याजोगे आहे. माणूस गोदामातला माल मोजतो, गिऱ्हाईकाची तूट मोजतो, पण मागवलेला आणि अद्याप न आलेला माल विसरतो. दुकानदाराने आठव्या आठवड्यात बारा मागवले, नवव्यात सोळा. ते वाटेवर आहेत याचे भान न ठेवता दहाव्यात पुन्हा सोळा. तूट एकच, ती तीनदा भरून काढली. वाटेवरचा माल डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते हिशेबात धरण्यास मन तयार होत नाही.

फॉरेस्टर यांना हा विषय सुचला तो एका साध्या तक्रारीवरून. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे केंटकी राज्यात घरगुती उपकरणांचे कारखाने होते. तेथे कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. व्यवस्थापक बाजाराच्या तेजी-मंदीकडे बोट दाखवीत. फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिल घेऊन आठवड्यागणिक साठा, मागणी आणि कामगार-भरतीचे आकडे मांडले आणि दाखवून दिले, की बाहेरची मागणी स्थिर असली तरी कारखान्याच्या आतले निर्णयच असे हेलकावे निर्माण करू शकतात. १९६१ मध्ये त्यांचा ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ आला. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आपल्या डायपरच्या विक्रीत हाच प्रकार आढळला. बाळे काही मार्चमध्ये जास्त आणि एप्रिलमध्ये कमी डायपर वापरीत नाहीत; तरी कारखान्याकडे येणारी मागणी मात्र गटांगळ्या खात होती. या प्रकाराला त्यांनी चाबकाची उपमा दिली. आसुडाची मूठ मनगटाने जराशी हलवावी आणि कडाडून आवाज निघावा तो टोकाशी, तसे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे टोक कोठे आहे, हे हुडकावे लागत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात वाहनउद्योग आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला १९९९ मध्ये बजाजच्या दुचाकी बनू लागल्या. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, तर २०१० मध्ये महिंद्र. या मोठ्या नावांच्या मागे पुरवठादारांची उतरंड उभी आहे. मोटारीचे आसन बनविणारा मोठा पुरवठादार चाकणमध्ये. त्याला सांगाडा देणारा भोसरीत. सांगाड्याच्या नळ्या वाकवून देणारा कुदळवाडीत दोन गाळ्यांत. त्या नळ्यांचे पोलाद, नट-बोल्ट, कटिंग ऑइल, खोकी-पुठ्ठे पुरविणारे व्यापारी निगडी-चिंचवडला. या शेवटच्या कड्यांत जैन नावे पुष्कळ आढळतात. वरून येते ते ‘शेड्यूल’, महिन्याच्या मागणीचा कागद. तो मध्येच बदलतो. मोटारीच्या कारखान्यात मूठ जराशी हलते, कुदळवाडीत नळ्या वाकविणाऱ्याला दोन यंत्रे झाकून ठेवावी लागतात आणि त्यावर काम करणारी, लातूर-नांदेडकडून किंवा बिहारमधून आलेली कंत्राटी मुले खोलीचे भाडे कसे भागवावे या विवंचनेत पडतात. आसुडाचा फटका बसतो तो त्यांना. खेळात त्यांच्यासाठी टेबल नसते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर हा खेळ साऱ्या जगाने मोठ्या पटावर खेळून पाहिला. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये देशातील मोटारकंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्यावर आली. जगभरच्या वाहनकंपन्यांनी घाबरून इलेक्ट्रॉनिक चिपच्या मागण्या रद्द केल्या. चिप बनविणाऱ्यांनी ती क्षमता संगणक आणि भ्रमणध्वनी बनविणाऱ्यांना दिली. घरी बसलेल्या जगाला त्यांचीच गरज होती. काही महिन्यांतच मोटारींची मागणी परतली, पण रांगेतला नंबर गेला होता आणि नवी चिप हाती येण्यास महिनोन्महिने लागत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्रने चिपअभावी उत्पादनात २० ते २५ टक्के घट होईल असे जाहीर केले. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, ७ ऑक्टोबरला, चाकणमध्ये बनणाऱ्या एक्सयूव्ही-७०० ची नोंदणी खुली झाली तेव्हा अवघ्या ५७ मिनिटांत २५,००० गाड्या नोंदल्या गेल्या. ग्राहक दारात, कारखाना तयार, कामगार तयार. अडले ते नखाएवढ्या सुट्या भागावाचून. चिप मिळेना म्हणून जो तो दोन-दोन पुरवठादारांकडे मागणी नोंदवू लागला. त्यांतील खरी किती आणि धास्तीपोटी केलेली किती, हे चिप बनविणाऱ्यालाही कळेना. खाखऱ्याच्या टेबलावर सोळा-सोळाच्या चिठ्ठ्या लिहिणारा दुकानदार आणि हे बडे उद्योग, दोघांच्या मनाची ठेवण एकच.

या संकटात बँकेचाही एक वाटा असतो आणि त्याची चर्चा क्वचित होते. कॅश क्रेडिटची मर्यादा असलेला व्यापारी दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. नजरगहाण असलेल्या मालावर, समजा, २५ टक्के मार्जिन वजा करून बँक उरलेल्या रकमेइतकी उचल मान्य करते. तिलाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात. आता धास्तीपोटी ४० लाखांचा जादा माल भरला, तर मंजूर मर्यादेत जागा असेल तेथवर कागदोपत्री ड्रॉइंग पॉवर ३० लाखांनी वाढते. व्यापाऱ्याला वाटते, ताकद वाढली. प्रत्यक्षात घरचे दहा लाख अडकले आणि बँकेच्या तीस लाखांवर, दर १० टक्के धरला तरी, दिवसाला आठशे रुपयांहून अधिक व्याज चढू लागले. माल हलला नाही तर ते रविवारीही चढते, संवत्सरीलाही चढते. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या प्रकाश टंडन समितीने निरनिराळ्या उद्योगांनी किती आठवड्यांचा साठा बाळगावा याची मानके ठरवून दिली होती, ती याच रोगावर उतारा म्हणून. पुढे ती सैल पडली. पण टंडनांचा मूळ प्रश्न, इतका माल कशासाठी, आजही शाखेतील प्रत्येक अधिकाऱ्याने स्टॉक स्टेटमेंट हातात घेताना विचारावा असा आहे. त्यापुढे आणखी एक रकाना असावा: मागवलेला, पण न आलेला माल किती? बहुतेक नमुन्यांत तो नसतो, आणि गोची तेथेच आहे.

चाबकाला वेग देणाऱ्या सवयी व्यापाऱ्याच्या रोजच्याच आहेत. भाडे वाचते म्हणून पूर्ण ट्रकच मागवायचा. मग तीन आठवडे मागणी शून्य आणि चौथ्यात डोंगर. दहा खोक्यांवर एक फुकट अशी योजना आली की दोन महिन्यांचा माल आजच भरायचा, आणि कंपनीने समजायचे की खप वाढला. मार्चअखेर कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीचे लक्ष्य पुरे व्हावे म्हणून वितरकाच्या गोदामात माल ढकलला जातो आणि एप्रिलमध्ये तोच प्रतिनिधी तोंड चुकवतो. सर्वांत घातक सवय टंचाईच्या दिवसांतली. पुरवठादार सर्वांना मागणीच्या निम्मे देणार असे कळले, की दहा हवे असणारा वीस सांगतो. सगळेच वीस सांगतात. कारखाना दुपटीने माल बनवतो आणि तो बाजारात येतो त्या दिवशी सगळ्यांच्या मागण्या रद्द होतात. हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात या कारणांची मांडणी आहे. पण पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा पिंपरीच्या बाजारपेठेत चार वर्षे काढलेल्या कोणालाही ती नवी वाटणार नाहीत.

खेळाचा दुसरा डाव म्हणूनच पहिल्याहून महत्त्वाचा. त्यात बोलण्याची मुभा द्यावी, आणि ग्राहकाचा पत्ता सर्वांना दिसेल असा मध्यभागी उघडा ठेवावा. अर्थात पत्त्यांवरचे आकडे बदलून. फरक लगेच जाणवतो. चिठ्ठ्यांवरचे आकडे शांत होतात, गोदामे ओसंडत नाहीत. हेलकावे अगदी नाहीसे मात्र होत नाहीत. पत्ता डोळ्यांसमोर असूनही कोणीतरी चार खोकी जास्त लिहितोच. विचारले तर उत्तर ठरलेले असते: असू द्या, कामाला येतील.

त्या ‘असू द्या’पाशी आले, की श्रावकाला पाचव्या अणुव्रताची आठवण व्हावी. परिग्रह-परिमाणात क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य अशी यादी करून प्रत्येकाची मर्यादा आखून घ्यायची असते. पुष्कळ घरांत ती मर्यादा जमीन आणि सोन्यापुरती घेतली जाते. दुकानातला माल तो धंद्याचा, त्याला कसली मर्यादा, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः अमुक आठवड्यांच्या खपाहून अधिक माल भरणार नाही, असा नियम घेतला तर व्रतही सांभाळले जाते आणि व्याजही वाचते. मुनिजनांना यातले दुसरे कारण गौण वाटेल. चार्टर्ड अकाउंटंटला पहिले. दोघांचेही समाधान करणारे नियम फार थोडे असतात.

समाजातील अनेक कुटुंबांत एक भाऊ चिंचवडला दुकान चालवतो, दुसरा मार्केट यार्डात घाऊक धंदा करतो, आणि भाच्याने चाकणला पॅकिंगचा छोटा कारखाना काढलेला असतो. साखळीच्या तीन कड्या एका ताटात जेवतात. पण आज गल्ल्यावर खरोखर किती खप झाला, हा आकडा एक भाऊ दुसऱ्याला सांगत नाही. धाकट्याला वाटते, थोरले उधारी मागतील. थोरल्याला वाटते, धाकटा भाव पाडून मागेल. मग दिवाळीनंतर कोणाचे तरी गोदाम भरलेले राहते आणि त्यावरून जो दुरावा येतो, त्याला पुढे वाटणीचे, जावांचे, लग्नातल्या मानपानाचे निमित्त मिळते. आठवड्यातून एकदा तीन आकड्यांची देवाणघेवाण केली, आज विकले किती, शिल्लक किती, वाटेवर किती, तर त्यात कोणाचे गुपित फुटत नाही. खरेदीचा भाव आणि नफा ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

ज्यांना घरी किंवा मंडळात हा खेळ खेळून पाहायचा असेल त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. दुकानदाराच्या जागी घरातील सर्वांत अनुभवी व्यापाऱ्यास बसवू नये. तो पाचव्या आठवड्यातच खुणेने बोलू लागतो. कारखान्यावर एखाद्या सुनेला किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला बसवावे. ज्यांच्यापर्यंत धंद्यातली बातमी नेहमी सर्वांत उशिरा पोचते, त्यांना ती जागा ओळखीची वाटते आणि खेळानंतर त्या जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते. नोंदवही प्रत्येक टेबलावर निराळी ठेवावी आणि एका गृहस्थाने फक्त आठवडे पुकारावेत. समजावून सांगण्यास अर्धा तास, खेळास दीड तास आणि भांडणास किमान तासभर लागतो. चातुर्मासात खेळायचे असल्यास दुपारी दोनला आरंभ करावा, म्हणजे चौविहाराच्या आधी सर्व आटोपते आणि बटणे डब्यात भरून, मुलांना खरा खाखरा देता येतो.